रुसलेली फाइल आणि अप्पांची पाटी

"गोष्ट एकाच ठिकाणी ठेवू नकोस. दुसरीकडे एक प्रत काढ." सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या अप्पांनी, हे मला पाटीवर लिहून दाखवलं होतं. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला, तेव्हापासून त्यांचं सगळं बोलणं पाटीवर. मी मान डोलावली आणि मुलीचं कपाळ चाचपायला गेले. दिवसातून दहादा मी तिचा ताप बघते. लॅपटॉपचं कपाळ कोण बघणार?

त्याच लॅपटॉपवर अप्पांच्या आवाजातली हरवलेल्या चपलेची गोष्ट होती, ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात नातीसाठी रेकॉर्ड केलेली. ती ऐकल्याशिवाय मुलगी दुपारी झोपत नाही. सोमवारी जागा रिकामी करताना मी नेमकी तीच उडवली. वर टापटिपीची हौस म्हणून रीसायकल बिनही झाडून काढली.

आमच्या रस्त्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात परतगुरू बसतात. गेलेलं परत आणतात, म्हणून परतगुरू. मंगळवारी गेले, तर रांग पार जिन्यापर्यंत. आजारी लेकरं छातीशी धरावीत तसे लोक लॅपटॉप धरून उभे.

"फाइल मरत नाही, रुसते," गुरू सांगत होते. "तिची समजूत काढावी लागते."

रीत अशी की आधी गुरूंचं सात भागांचं 'आवाहन' पेनड्राइव्हवरून आपल्या लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं, ऐकायचं, मग लॅपटॉप त्यांच्या शालीखाली ठेवायचा. शिवणकामवाल्या मावशींचे कटिंगचे सगळे नमुने अर्ध्या तासात परत आले. रांगेनं हात जोडले. नाच शिकवणाऱ्या बाईंना मात्र काहीच मिळालं नाही. त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या की सातही भाग उतरवले, तोंडपाठ आहेत. गुरू म्हणाले, कानांनी ऐकलंत, मनानं नाही. उद्या पुन्हा या.

मीही पेनड्राइव्ह घेऊन घरी आले. लावणार, तोच अप्पांनी मध्ये पाटी घातली.

मी चिडून म्हटलं, "अप्पा, तुम्हाला लॅपटॉपमधलं काय कळतं?"

अप्पा जन्मभर ग्रंथपाल होते. त्यांनी लिहिलं, "कार्डांच्या कपाटातलं कळतं. तू कार्ड फाडलंस. पुस्तक अजून फळीवर आहे." पुसून पुढे लिहिलं, "पण कार्ड नसलं की ती जागा रिकामी समजतात. तिथे याची सात पुस्तकं कोंबू नकोस."

बुधवारी आम्ही दोघं दुकानात. मावशी पेढीवर बसवल्यासारख्या गुरूंशेजारी, साक्षीदार म्हणून. अप्पांनी पाटी उंच धरली आणि मी मोठ्यानं वाचली, "मावशी, तुम्ही आवाहन उतरवलं होतं?"

मावशींनी पदर सारखा केला. "खरं सांगू? युनिफॉर्मच्या ऑर्डरी होत्या हो. पेनड्राइव्ह अजून मशीनच्या खणात पडलाय. गुरुजींना उगाच हो म्हटलं."

नाचाच्या बाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे मी सांगितलं तसं केलं, म्हणून माझं गेलं?"

अप्पांनी शाल उचलली. खालच्या लॅपटॉपवर फुकटात मिळणारं, उडालेल्या फाइली शोधायचं साधं सॉफ्टवेअर चालू होतं. त्रेसष्ट टक्के. गुरू म्हणाले, हे साधनेचं दृश्य रूप आहे. त्यावर मावशींनी त्या दृश्य रूपाचं नाव लिहून मागितलं. साधना घरीच करते म्हणाल्या. रांग दहा मिनिटांत ओसरली.

नवऱ्यानं आमची डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली, तेच सॉफ्टवेअर चालवलं आणि सापडलेलं वेगळ्या डिस्कवर ठेवलं. गोष्ट आली, शेवट सोडून. शेवटाच्या जागी माझ्याच कर्तृत्वाचा तुकडा होता: सोमवारी घाबरून डाउनलोड केलेला, गुरूंचा महिमा सांगणारा व्हिडिओ.

शेवट अप्पांनी पाटीवर लिहून दिला. मी वाचून दाखवते. मुलगी ऐकून घेते आणि म्हणते, "हे अप्पांनी नाही सांगितलं."

म्हणून सांगते, काही उडालं, तर त्या मशीनवर नवीन काहीही टाकू नका, ताबडतोब जाणकाराला दाखवा. नव्या जातीच्या डिस्क तर उडवलेलं बरेचदा लगेच पुसून टाकतात. तिथे कुणाचीच साधना चालत नाही. चालते ती आधी काढून ठेवलेली प्रत.

तुमच्याही घरात कुणाचा तरी आवाज एकाच फोनमध्ये असेल. ज्यांच्याकडे तो फोन आहे, त्यांना आज विचारा, दुसरी प्रत कुठे आहे? "आहे ना," म्हणाले, तर उघडून ऐकवायला सांगा. मीही अप्पांपुढे नुसती मानच डोलावली होती.