अल्सीदकाकांचे तांदूळ

शनिवारी सकाळी अल्सीदकाकांच्या दारात गाडी लावायला जागा मिळत नसे. पत्र्याच्या शेडखाली तांदळाच्या गोणी ओळीने उभ्या, आणि प्रत्येक गोणीत एकेक लॅपटॉप गळ्यापर्यंत पुरलेला. कुणाच्या लॅपटॉपवर पाणी सांडलेलं, कुणाचा होडीतून पडलेला, एकाचा तर कुत्र्याच्या आंघोळीत सापडलेला. मालक टोप्या हातात घेऊन उभे. आमच्या बेलरिवची माणसं चर्चमध्येसुद्धा इतकी गप्प बसत नाहीत.

"भात कुठे वाढतो?" काका डोळे मिटून विचारत.

"पाण्यात," सगळे एका सुरात.

"मग पाण्याला जन्मापासून कोण ओळखतं?"

"भात."

"ओळखीच्यानं हाक मारली की पाणी उठून जातं. मी काय करतो? काही नाही. मी नुसता मध्यस्थ."

मग मध्यस्थ गोणीत हात घालून काहीतरी पुटपुटत, लॅपटॉप बाहेर काढत, फुंकर मारत आणि बटण दाबत. पडदा उजळला की बायका छातीवर क्रूस काढत. हा लॅपटॉप तीन दिवस घरच्या फडताळावर बंद पडून राहिला असता तरी सुरू झालाच असता का, हे विचारायचं कुणाला सुचत नसे. मला सुचत असे, पण मी पडले शाळेत विज्ञान शिकवणारी. "रोझीनबाईंना सगळ्यातच शंका," असं म्हणून लोक हसत.

शंका घ्यायला तशी जागाही नव्हती. लुईझियानाच्या या दलदलीच्या मुलखात मंत्र घालणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि त्यांचे नियम लहान पोरालाही पाठ असतात. त्यांना पैसे द्यायचे नाहीत. त्यांना 'मेर्सी' म्हणायचं नाही, आभार मानले की गुण जातो. आणि त्यांनी बांधलेला गाठींचा दोरा आपण सोडायचा नाही, तो कुजून आपोआप गळाला पाहिजे. जो माणूस पैसा घेत नाही आणि आभारही घेत नाही, त्याच्यावर संशय घेणार कसा? शिवाय अल्सीदकाका माझे धर्मपिता. माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्यांनीच मला हातांवर धरलं होतं. आई गेली तेव्हा शवपेटीला पहिला खांदा त्यांचा होता.

आणि आईमुळेच हे सगळं घडलं. आई स्वयंपाक करता करता आपल्या फ्रेंचमध्ये बोलत राही, गाणी, गावातल्या भानगडी, तिच्या आजीच्या शिव्या. माझी धाकटी बहीण अर्लीन ओट्यावर लॅपटॉप ठेवून ते सगळं रेकॉर्ड करून घेई. दुसरीकडे उतरवून ठेवायचं राहून गेलं. आई गेल्यावर अर्लीन रोज जेवताना ते लावायची. एक दिवस डोळे पुसायला रुमाल ओढला आणि पाण्याचा जग सगळाच्या सगळा लॅपटॉपवर आडवा झाला.

मला कळलं तोवर लॅपटॉप काकांच्या गोणीत पोचला होता.

"माझ्याकडे का नाही आणलास?" मी चिडून विचारलं.

"तू पुस्तकातलं शिकवतेस गं. ओल्या लॅपटॉपचं तुला काय कळतंय?"

पुढच्या शनिवारी मी मुद्दाम तिच्याबरोबर गेले. काकांनी बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. त्यांनी पुन्हा दाबलं, मग मान खाली घातली.

"अर्लीन, पोरी, त्या दिवशी तू काही बोललीस का?"

"नाही काका, मला नियम माहीत आहे."

"आठव नीट."

ती आठवत राहिली आणि तिचा चेहरा उतरत गेला. "कॉफी," ती म्हणाली. "तुम्ही कॉफी दिलीत. कप घेताना मेर्सी म्हटलं असेन."

गर्दीतून एक सुस्कारा आला. काकांनी लॅपटॉपवर नऊ गाठींचा दोरा बांधला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "चूक माणसाकडूनच होते. आता हा सोडू नकोस. आत मेलेलं पाणी आहे, ते चवताळतं."

घरी येईपर्यंत अर्लीन लॅपटॉप छातीशी धरून होती. दारात म्हणाली, "आईला मी घालवलं, रोझीन. एका शब्दापायी."

माझा संताप संताप झाला. काकांवर नव्हे, नियमावर. काकांवर रागवायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. पण ती कॉफी डोक्यातून जाईना. शेडखाली चाळीस माणसं असत, कॉफी सगळ्यांना का मिळत नसे? ज्यांच्या कपाटात दोरा बांधलेले लॅपटॉप होते त्यांना मी एकेक करून गाठलं. सगळ्यांचे लॅपटॉप नवे, महागाचे. सगळ्यांना कॉफी मिळालेली, आणि ती काकांच्या स्वतःच्या हातून.

ज्याचा लॅपटॉप चालू झाला होता तो म्हातारा ओवीद मात्र भडकला. "मला कसली कॉफी? माझा डबा अकरा वर्षांचा जुना. त्यानं मला पाणीसुद्धा विचारलं नाही. पण डबा चालू झाला बघ."

आमच्याकडे हातात कप दिला आणि समोरच्याने मेर्सी म्हटलं नाही, असं होत नाही. आयांनी कान पिळून पिळून ते आम्हाला शिकवलेलं असतं. काकांना कुणाचा गुन्हा शोधावा लागतच नव्हता, ते तो कपातून वाढत होते.

मी अर्लीनसमोर बसले आणि दोरा कापला. ती किंचाळलीच. पाणी काही चवताळलं नाही. खालचं झाकण उघडलं. आत थोडे डाग होते, तांदळाचा पांढरा भुगा होता. पण माहिती जिच्यात राहते ती साठवणीची पट्टी जिथे बसते, ती जागा रिकामी होती. मेमरीचीही. आणि पट्टीला धरून ठेवणारा बारीक स्क्रू आपल्या जागी नीट पिळून बसवलेला होता.

"पाण्यानं गंज चढतो," मी अर्लीनला म्हटलं. "पाणी स्क्रू काढून परत लावत नाही."

शनिवारी मी शेडखाली एक टेबल मांडलं. शुक्रवारी संध्याकाळी मी सारख्या वजनाचे दोन ओले स्पंज तयार केले होते, एक काकांच्याच तांदळात पुरून ठेवलेला, दुसरा फडताळावर उघडा. ओवीदला वजनकाट्यावर तोलायला लावले. तांदळातला जड भरला. उघड्यावरचा जवळजवळ वाळलेला.

"म्हणजे तांदूळ पाण्याला बोलवत नाही?" ओवीद म्हणाला.

"वाऱ्याला अडवतो."

मग मी लोकांकडून मागून आणलेले, दोरे कापून उघडलेले लॅपटॉप मांडले. सगळ्यांच्या त्याच जागा रिकाम्या. माणसं पुढे येऊन वाकून बघू लागली. कुणीतरी काकांना विचारलं, "अल्सीद, हे काय?"

काका गोणीवर बसले. "मी तुमच्यापैकी एकाकडूनही पैसा घेतला नाही."

"आमच्याकडून नाही," मी म्हटलं. "पट्ट्या कोण घेतं?"

"शहरात एक दुकान आहे."

"अर्लीनची?"

"गेली. पुसून द्यावी लागते, नाहीतर ते घेत नाहीत."

"आत काय होतं ते तुम्हाला माहीत नव्हतं ना, काका?" खरं सांगते, मी विनवत होते. त्यांनी 'नव्हतं' म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

त्यांनी हातांकडे पाहिलं. "चालते की नाही बघायला लावली होती. तुझी आई बोलत होती. कांदा परतत होती वाटतं."

"मग?"

"मग पुसली."

अर्लीन माझ्या मागेच उभी होती. ज्यांनी आईला खांदा दिला त्यांनीच तिचा आवाज ओळखून पुसला, हे मला आजही गिळवत नाही. दुकानदाराला फोन झाले, पट्टी कुणी नेली ते कळलं नाही. काकांकडे आता कुणी जात नाही. मीही जात नाही.

तुमच्या लॅपटॉपवर पाणी सांडलं तर आधी वायर ओढा आणि लगेच बंद करा. बॅटरी निघत असेल तर काढा. पालथा घाला, पंख्याच्या वाऱ्यात दोनतीन दिवस पडू द्या, आणि चालतोय का हे बघायचा मोह आवरा, कारण पाण्याहून जास्त नासधूस ओल्यात सोडलेली वीज करते. बाकी सगळं मेलं तरी साठवणीची पट्टी बहुतेक वेळा जिवंत असते. ती काढून दुसऱ्या मशीनला लावता येते. काढताना समोर उभे राहा. तांदूळ गंबोच्या रश्शाबरोबर खा.

आणि गुण आला तर त्याचा, नाही आला तर चूक तुमची, असा हिशेब जिथे दिसेल तिथून उठून या, तो माणूस तुमच्या घरचा असला तरी.

अर्लीनला हे सगळं पटलं आहे. रिकामी जागा तिने डोळ्यांनी पाहिली, कबुली कानांनी ऐकली. तरी भांडी घासता घासता ती मध्येच थांबते आणि विचारते, "मी मेर्सी म्हटलं नसतं, तर ठेवली असती का गं त्यांनी?"

"नसती ठेवली," मी सांगते. "पट्टी आधी काढली होती. तुझी चूक नंतर शोधली."

ती मान हलवते. आठवड्याने पुन्हा विचारते. मी पुन्हा सांगते. तुमच्या घरात असं कुणी असेल तर तुम्हीही सांगत राहा, कंटाळू नका.