नुसती आत्या

आठ वर्षं मी कोल्हापूरच्या एका केबल चॅनलवर हडळ होते. दर शुक्रवारी तोंडाला पांढरा रंग, गुडघ्यापर्यंत गंगावन, काळं पातळ आणि बसायला दातांच्या डॉक्टरनं टाकून दिलेली खुर्ची. भुताचा सिनेमा सुरू व्हायच्या आधी मी त्याची लाज काढायची. "ह्या पिच्चरमधी भुतापरास हिरो भ्या दावतोय. बघा, आन् मरा तिकडं!" एवढ्यावर लोक खूश. लोकांची अक्कल ती केवढी! सिनेमेही केले तीन. तिन्हींत मी चिंचेवरून उतरते आणि कुणीतरी बोंबलतं. दिग्दर्शकांची झेप चिंचेपलीकडं कधी गेलीच नाही.

त्याच काळात माझ्या धाकट्या भावाला, अमरसिंहला, मुलगा झाला. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या मी एकटीच. वाळे घेऊन माहेरी कोडोलीला गेले, तर आई दारातच म्हणाली, "हडळीचं त्वांड तान्ह्या लेकराच्या कानाला लावू व्हय?" नाव शेजारणीनं सांगितलं. मला आत घुगऱ्यांच्या पातेल्यापाशी बसवलं. मी कडेवर घेऊन वाढवलेला अमरसिंह खाली मान घालून पेढे वाटत होता. पोराचं नाव धैर्यशील ठेवलं. बापाकडं ज्याचा पत्ता नव्हता ते पोराच्या नावात घातलं. पुन्हा मी त्या घरात पाऊल टाकलं नाही.

मागच्या वर्षी कुणीतरी माझे जुने कार्यक्रम मोबाइलवर टाकले आणि लाखो लोक माझे भक्त झाले. माझं चित्र छापलेले टी-शर्ट घालून पोरं सेल्फीला येतात, 'लेजंड' म्हणतात. मग धैर्यशीलला मुलगी झाली. त्याला बहीण नाही. तेव्हा सगळ्या घराला एकदम आठवलं की आपल्याला एक आत्या आहे.

अमरसिंह स्वतः आला. "आक्का, नाव तूच सांगायचं. मान तुझा हाय."

मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, तो गेल्यावर मी रडले. हडळ पुष्कळदा झाले होते. मला एकदा तरी आत्या व्हायचं होतं, नुसती आत्या.

बारशाला अबोली इरकल नेसले, अंबाडा घातला, तोंडाला पावडरसुद्धा लावली नाही. हॉलच्या दारातच भावजय ओरडली, "आवो आक्का, मेकप? क्यामेरावालं आल्यात की!" पाळण्यामागच्या फ्लेक्सवर मी होते, दात विचकून, आणि खाली भलं मोठं 'राजनंदिनीचं बारसं, हडळ आत्याच्या हस्ते'.

धैर्यशील मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला, "असं तुमास्नी कोण वळखणार, आत्या? लोकं हडळ बघाय आल्यात."

"मी बारशाला आलोय. तमाशाला न्हाय," मी म्हटलं.

त्यांची तयारी चोख होती. माझी नक्कल करून नाव कमावणारी तेजस्वी नावाची मुलगी त्यांनी राखीव आणून ठेवली होती, काळ्या पातळात, रंगरंगोटीसकट. "रुसू नगंस आक्का," अमरसिंह म्हणाला, "आजच्याला ती सांगंल. तू जेवाय बस की." परत तीच खाली मान. सत्तावीस वर्षांत गड्यानं तेवढी एक गोष्ट टिकवली.

मग कॅमेरा कुठं लावायचा यावरून सगळे स्टेजखाली भांडत बसले. पाळण्यापाशी कुणी नव्हतं. मी गेले. पोरगी जागी होती, मूठ चघळत होती. मी वाकले आणि तिच्या कानात नाव सांगितलं. फ्लेक्सवरचं नव्हे, दुसरंच, आठवडाभर मनात घोळवलेलं. ती रडली नाही. माझ्याकडं बघत राहिली.

थोड्या वेळानं माईक बोंबलला. तेजस्वी वाकली, तिचं ते ध्यान बघून पोरीनं हॉल डोक्यावर घेतला, बायकांनी तेजस्वीच्या पाठीत बुक्के घातले आणि राजनंदिनी, राजनंदिनी म्हणून टाळ्या पडल्या. मी पहिल्या पंगतीला बसून पोटभर जेवले. श्रीखंड आंबट होतं.

निघताना भावजय म्हणाली, "रागावला न्हाईसा न्हवं?"

"न्हाई," मी म्हटलं. कशाला रागावू? बारसं मघाशीच झालं होतं. नाव काय ते पोरीला सांगितलंय. ह्या लोकांची ते ऐकायची लायकी नाही.