श्वास सोडा, बाई

चटईच्या गुंडाळीवरचं निळं रबर एका जागी उसवायला आलं होतं. रबर उसवत नाही, विरतं, पण शिवणकाम करणाऱ्या बाईला सगळं शिवणीतच दिसतं. दोन महिन्यांपूर्वी चिमणीनं ती गुंडाळी दुकानाच्या कोपऱ्यात आणून उभी केली होती. "तुझ्यासाठी घेतलीय. आता योगाच्या वर्गाला टांग मारून दाखव!" चिमणी म्हणजे शाळेपासूनची मैत्रीण. नाव पडलं तेव्हा चिमणीएवढीच होती.

वर्गाला न जाण्याची तिची कारणं ढिगानं होती. गुडघे. गिऱ्हाइकं. अडून राहिलेला कुणाचा तरी कोट. शिवाय तीनदा वापरून झिजवलेला विनोद : "शेवटी शवासनच ना? ते होईल की आपोआप, घाई कशाला?" चिमणी हसायची आणि हट्ट तिथंच ठेवायची.

खरं कारण सांगण्याजोगं नव्हतं. ती स्वतः त्या वर्गाला गेली होती एकदा, गुपचूप... वाचनालयाचा जिना चढून वरच्या खोलीपर्यंत, चपलासुद्धा काढल्या होत्या. लोटलेल्या दारामागून कुणी तरी म्हणालं, "सोडा." वीस माणसांनी एकदम श्वास सोडला. तिनं चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच जिना उतरली — कारण आईच्या उशाशी बसून सहा आठवडे तिनं तेवढंच तर ऐकलं होतं. सोडला, आता घेईल, घेईल ना... घेतला. आणि एका दुपारी आईच्याच गाऊनची बाही सैल करताना ती टाक्यांत रमली, मान वर केली तर खोलीत आवाजच नव्हता. शेवटचा श्वास कुठला, तिला माहीत नाही. मी तिथं होते, आणि नव्हते, हेच तिच्या मनात घोळत राहिलं.

"मागच्या वेळची पॅन्ट पार ढगळ झालीय गं," चिमणी आज दारातूनच म्हणाली. "हल्ली अंदाजानं मापं घेतेस तू."

"टेप लावली की पोट आत ओढतेस. म्हणून मी दोन बोटं वाढवून धरते."

"मग पूर्वीसारखी ओरड ना! 'श्वास सोडा, बाई!' — अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं."

खरंच की. आई गेल्यापासून दोन वर्षांत ते शब्द तोंडातून निघाले नव्हते. बोटांवर भागवलं होतं, आणि निम्म्या गिऱ्हाइकांच्या पॅन्टी ढगळ झाल्या होत्या.

तिनं चिमणीच्या कमरेभोवती टेप गुंडाळली. "सोड," ती म्हणाली, अगदी हळू.

चिमणीनं सोडला. वर्गात शिकल्यासारखा, सावकाश, लांबच लांब... टेप ताणली गेली, थांबली. पुढं काहीच नाही.

"घे ना!" ती किंचाळलीच.

चिमणी दचकली. श्वास घेतला. मैत्रिणीच्या तोंडाकडे बघत राहिली.

"परत सोडू?" एवढंच म्हणाली.

आकडा वाचायचा राहूनच गेला होता. बोटांखाली चिमणीचं पोट उबदार, जिवंत, वरखाली होत होतं... आणि आपण स्वतः मघापासून श्वास कोंडून उभ्या आहोत, हे तिला आत्ता कळलं. मघापासून, की त्या दुपारपासून?

"परत," ती म्हणाली. आणि हे कसं करतात, आधी खांदे सोडायचे की पोट, हे विचारावं असं तिच्या मनात आलं; विचारायला लाज वाटत होती, पण समोर चिमणीच तर होती.