कपाळावरचा ठिपका

"मांडीवर हे धूड घेऊन बसायला मी काय लग्नातली करवली आहे?"

विजयमालाबाई पुटपुटल्या ते इतक्या बेतानं, की शेजारी बसलेल्या नवऱ्याला ऐकू जावं आणि गाडी चालवणाऱ्या लेकीला जाऊ नये. शरयूला ऐकू गेलंच.

"आई, डिकीत ठेवू का फोटो?"

"नको. काच फुटेल."

चादरीत गुंडाळलेली फ्रेम त्यांनी आणखी जवळ ओढली. नारायणराव खिडकीबाहेर जतचं माळरान बघत राहिले.

बहात्तरच्या दुष्काळात ऐन लग्नसराईत वाईचा स्टुडिओ बंद ठेवून ते कॅमेरा घेऊन इकडे आले होते. पाझर तलावाच्या कामावर दगड वाहणारी माणसं त्यांनी टिपली, तीही तेव्हा, जेव्हा असल्या फोटोंना कुणी गिऱ्हाईक नव्हतं. जसं दिसलं तसं, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यातला डोक्यावर पाटी घेऊन थेट बघणाऱ्या तरुण बाईचा फोटो पुढं गाजला. आता सांगलीच्या प्रदर्शनात तो दाराशीच लागणार होता. त्या बाईला विचारल्याशिवाय लावायचा नाही, असा हट्ट शरयूचा.

बाईचा मुलगा बिराप्पा फोनवर सहज बोलून गेला होता, "वडील गेल्यावरच आई कामावर जाया लागली." शरयूनं फोटो पुन्हा पाहिला. कपाळावर ठसठशीत कुंकू. मग तिनं त्याच बाईची दुसरी निगेटिव्ह शोधून काढली. तिच्यात कपाळ मोकळं होतं. दोन्ही छाप तिनं जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. बाबा चष्मा पुसत बसले. आई म्हणाली, "उजेडाचा फरक असेल," आणि आमटी बघायला आत गेली.

स्टुडिओतलं रिटचिंग, म्हणजे निगेटिव्हवर हात फिरवायचं काम, आईच करायची. आणि त्या दुष्काळातल्या बाकीच्या निगेटिव्ह बाबांनी तिच्या हातात कधी दिल्या नाहीत. का, ते तिनं विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

गाडी पोचली तेव्हा फोटोतल्या त्या बाई, रंगूबाई, अंगणात बाजेवर बसल्या होत्या. कपाळ मोकळं, दंडावर गोंदण. नारायणरावांना त्यांनी खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुमीच व्हय ते क्यामेरावालं? डोईवर पाटी, आन् म्हणं हलू नगा! मान मोडली हुती माजी."

"उजेड चांगला होता हो," नारायणराव ओशाळून म्हणाले.

"उजीड तुमाला. वजं मला."

सगळे हसले. त्या हसण्यातच शरयूनं चादर सोडली. बिराप्पा कौतुकानं पुढं वाकला, "आयला, आई, लय झ्याक..." आणि तिथंच थांबला. "च्याचं बघतो," म्हणत तो घरात गेला.

रंगूबाईंनी फ्रेम मांडीवर घेतली. त्यांचं बोट काचेवरून हळूहळू फिरत गेलं. पाटी, पदर, गाल. कपाळावर येऊन थांबलं.

"ह्ये कुणी लावलं?"

शेळीनं दावं ओढलं. नारायणरावांनी घसा खाकरला.

"माझ्याकडूनच ते..."

"उगाच काय?" विजयमालाबाई म्हणाल्या. मग बाजेवर, रंगूबाईंच्या शेजारीच बसल्या. "मी लावलं. निगेटिव्हवर पात्याच्या टोकानं खरवडलं, की छापात तेवढं काळं येतं. फोटोला येणाऱ्या बायकांचं कुंकू फिकट उतरायचं, मी ठळक करून द्यायचे. हात बसला होता. तुमचं दिसेना, तर वाटलं घामानं गेलं असेल. यांनी छाप बघितला आणि गप्प राहिले. तेव्हा मला कळलं."

नारायणराव बायकोकडे बघत होते. इतक्या वर्षांनी रागावायचं तरी कसं, हे त्यांना उमगत नसावं. त्यांनी नुसताच तिचा खांद्यावरून घसरलेला पदर सारखा केला.

रंगूबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला.

"जरा वाकडं लागलंय."

"घाईत होते हो," विजयमालाबाई म्हणाल्या आणि डोळे पुसता पुसता हसायलाच लागल्या. रंगूबाईही हसल्या. आतून बिराप्पानं डोकं काढून बघितलं, आणि चहाचे कप घेऊन तो बाहेर आला.

शरयूला मोकळं वाटलं. गाडीतला तो सगळा अबोला एकदाचा उतरला होता. ती उत्साहानं म्हणाली, "आजी, कॉम्प्युटरवर ते पुसता येतं. तुम्ही म्हणाल तर आत्ता सांगते. खरं होतं तसंच लावू."

नारायणरावांनी मान डोलावली. जसं दिसलं तसं.

रंगूबाईंनी तळहात काचेवर ठेवला, त्या कपाळावर, ऊन लागू नये म्हणून धरतात तसा.

"एकडाव पुसलं की, बाई, लोकांनी," त्या म्हणाल्या. "आता तुमी नगा पुसू."