हयातीचा रकाना

माझी बायको नजीरा गेली हे मला मंगळवारी सकाळी ऑफिसच्या फोनवर कळलं. मिरजेच्या दवाखान्यातून मेहुण्याने फोन केला होता. मी तेव्हा सभासदांचे फॉर्म नंबरवार लावत होतो. फोन ठेवला, हातातला फॉर्म जिथे जायचा तिथे गठ्ठ्यात घातला आणि मग निघालो.

साल सत्त्याऐंशी. आमच्या साखर कारखान्यात कॉम्प्युटर आला होता आणि सभासदांची रजिस्टरं त्यात चढवायची होती. शेअर्स खात्यात सगळ्यात जुना मी, म्हणून रकाने मी ठरवले. नंबर, नाव, गाव आणि हयात. हयातीला एकच अक्षर. होय असेल तर वाय, नाही तर एन. ऑपरेटर मीनाक्षीने विचारलं होतं, "चाचा, माहीतच नसलं तर?"

मी म्हणालो, "माणूस असतो न्हाईतर नसतो. तिसरं काय असतंय?"

नजीराही सभासद होती. कसबा बावड्यातला एकरभर ऊस तिच्या बापाने तिच्या नावावर केला होता.

नजीराचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी कामावर गेलो. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं. आत गारवा, पडदे ओढलेले, मशीनचा एकसारखा आवाज. तिथे बसलो की भर दुपारी झापड यायची, आणि नजीरा समोरच्या स्टुलावर येऊन बसायची. उसाला पाणी पाजून आल्यासारखे तिचे पाय ओले असायचे. घरात ती हिंदी बोलायची, इथे मराठी.

"ह्यात मी कुठं हाय?" ती विचारायची.

मी तिचा नंबर दाबायचो. हिरव्या अक्षरांत तिची ओळ यायची. हयातीचा रकाना मी मोकळा सोडला होता. "असू दे तसाच," ती म्हणायची. जाग आल्यावर मी स्टुलाखालच्या फरशीकडे बघत नसे.

कारखान्याच्या निवडणुकीसाठी हयात सभासदांची कच्ची यादी छापून फळ्यावर लावली. दुसऱ्या दिवशी गुंडू आला. ऐंशी वर्षांचा, आवाज खणखणीत.

"इमामभाई, मला कवा जाळलासा? जेवाय तरी बोलवायचं हुतं की."

"काय झालं?"

"यादीत मी न्हाय. सकाळी बायकूकडं च्या मागितला, तर म्हंती, मेलेला माणूस च्या पितो व्हय?"

शोधलं तर असे दोनशे अकरा निघाले, नजीरा धरून. बाकीच्यांच्या फॉर्मवर हयातीची खूण नव्हती म्हणून त्यांचे रकाने मोकळे राहिले होते. मीनाक्षी म्हणाली, "चाचा, ह्या रकान्याला मोकळं कळत नाही. होय नसलं की तो नाहीच धरतो."

म्हणजे नजीराला त्याने पहिल्या दिवसापासून ‘नाही’ धरलं होतं. मी मात्र रोज तिच्याशी बोलत होतो.

मीनाक्षीने शेजारी आणखी एक रकाना केला, खात्रीचा. त्यालाही होय किंवा नाही. खात्री होईपर्यंत कुणाचं नाव काढायचं नाही असं ठरलं. गुंडू यादीत परत आला. "आता खरंच मेलो तर सांगाय येतो," म्हणून गेला. बाकीच्यांसाठी मी गावोगाव सायकलने फिरलो, दारात उभा राहून विचारलं.

नजीराच्या ओळीत ती गेल्याची खात्री पडली की तिच्या नंबरवर वारसाच्या तक्त्यातून आमच्या मुलीचं, मेहरुन्निसाचं नाव येणार. त्याशिवाय मुलीच्या नावावर तोडणीची पाळी लागत नाही. ऊस तुऱ्यावर आला आहे, आता तोडला नाही तर वजन घटत जाईल. मुलगी रोज शेतावर जाऊन येते आणि जेवायला वाढते.

काल दुपारी नजीरा आली तेव्हा तिचे पाय कोरडे होते.

"पोरीला किती दिस थांबवतासा?" ती म्हणाली.

"खात्री केली तर तू इथं बसशील का?"

"ते मला काय ठावं? मशीन तुमचं."

मीनाक्षीने हाक मारली तेव्हा स्टुलावर फॉर्मचा गठ्ठा होता. पक्की यादी उद्या छापायची आहे. दोनशे दहा जणांची खात्री मी करून दिली. नजीराची राहिली आहे.