पाटावरचा शिपाई

मार्गशीर्षातली हळदओली दुपार डोंगराच्या खांद्यावरून घसरत होती. वाळल्या कारवीचे तांबूस कडे, त्यापलीकडे निळे, त्यापलीकडे निळ्याहून निळे. आणि चांदरवाडीच्या पारासमोर, उन्हाच्या सोनसळी ताटात मांडल्यासारखा एक पाट. पाटावर बिरू.

घरटी एक गडी, अशी दरबारची दवंडी पिटली तेव्हा बिरूच्या हातात कोकरू होतं. ते खाली ठेवायला लावलं, भाला दिला. येतोस का, असं कुणी विचारलं नाही. वाडीचे सगळे तरणे असेच गेले. बाकीचे दूरच्या मुलखात; आज बिरूची पलटण खालच्या वाटेने चाललेली, म्हणून एकटा बिरू तेवढा वर आला, शिंग फुंकेपर्यंतच्या रजेवर.

वाडीने त्याला ओवाळायला बसवलं. इथेच तो अडकला.

कारण चांदरवाडीची रीत डोंगराएवढी जुनी. ओवाळल्या गड्याने निरांजन आपणहून शांत होईस्तोवर पाट सोडू नये. सोडला, तर ज्या घरची वात, त्या घरच्या परदेशी लेकराची वाट काळोखते.

एक वात असती तर गोष्ट वेगळी. पण आया आल्या, बहिणी आल्या, नवी लुगडी नेसलेल्या नवऱ्या आल्या. दीपोज्ज्वल, अश्रूज्ज्वल. कुणाच्याच डोळ्यांत बिरू नव्हता.

"माझा मल्हारी असाच बसायचा, गुडघा हलवत," एक म्हणाली. "थांब रे, हलू नको. त्याला नीट बघू दे मला."

कुंकवाचा थर एवढा चढला की चिमण्या त्याच्या कपाळावर उतरून अक्षता टिपून गेल्या. तूप ओघळून पारापासून ओढ्यापर्यंत ओहोळ झाला. उजेड असा दाटला की कोंबडे फसले, दिवस बुडताना आरवले. खोटं वाटेल त्याने कोंबड्यांना विचारावं.

बिरूची नजर मात्र वरच्या माळावर, एकुलत्या झोपडीवर. तिथे गोजरा, त्याची कारभारीण, ओली बाळंतीण. पाचवी पुजली नव्हती, म्हणून तिला उंबरा बंद, तान्हीला वारा बंद. लेक झाली, एवढंच त्याला कळलेलं. तिचं तोंड अजून पाहायचं होतं.

तिला उंबऱ्याने धरलेलं, त्याला पाटाने. भोवती ज्योतींचे सोनेरी गज, मायेचा पिंजरा. एखादी वात मंदावली, की कुणीतरी मायेनेच तूप ओतत होतं. आणि सूर्य, निर्दय, केशरी, कड्याला टेकत होता.

शेवटी म्हाकूआत्या आली. तिचे दोन्ही लेक वेगळ्या चुलीचे, दोघेही पलटणीत गेलेले, म्हणून ताटात दोन वाती. ओवाळता ओवाळता तिने त्याची नजर कुठे जाते ते पाहिलं.

"लेक बघितलीस?"

"नाही, आत्या."

"मग उठत का नाहीस, येड्या?"

"तुझे दोघं काळोखात पडतील."

ज्योती थरथरल्या. म्हातारीने पदर खोचला.

"गड्याने पाट सोडू नये म्हणते रीत. पाटाने वाडी सोडू नये, असं कोण म्हणतंय? धरा गं चारी कोपरे."

आणि बिरूसकट पाट उठला. बायांच्या खांद्यांवर, वातींच्या वलयात, सांजेच्या जांभळ्या अंगावरून एक चालती दीपमाळ माळ चढली. पाट उंबऱ्याबाहेर टेकला.

"केवढं ते कुंकू. ओळखू येईना मला," आतून गोजरा म्हणाली, आणि हसता हसता तिचा आवाज भिजला.

त्याने उंबऱ्यावरून हात आत घातला. इवल्या, गुलाबकोवळ्या मुठीने त्याचं बोट धरलं. घट्ट.

खाली शिंग वाजलं.

वाती तेवतच होत्या. बायांनी पुन्हा पाट उचलला आणि माळ उतरला. खालच्या वाटेवर पलटण उभी होती. म्हणतात, बिरू लढाईलाही पाटावरूनच गेला. दरीच्या तळाशी, काळ्या फौजेच्या मधोमध, तो उजेड कितीतरी वेळ हलत होता, लहान होत, लहान होत.

वर उंबऱ्याआड तान्ही झोपली होती. बोट केव्हाच निघून गेलं होतं. मूठ मिटलेलीच होती, मिटलेलीच.