चढणीवरचं स्टूल

मोरोक्कोतल्या फेस शहरात सपाता शिवणारा बुशता सकाळी दुकानाकडे उतरताना कुठे म्हणून थांबत नसे. दुपारी जेवायला चढणीने परतताना मात्र तो एकाच दारापाशी रेंगाळे, आणि ते दार होतं विधवा हनियाचं. त्याच्या बायकोला, तामोला, हे मोहल्ल्याच्या भट्टीवर कळलं. तिथे बायका भाकरी भाजायला न्यायच्या, आणि बातम्याही गरमागरम परत आणायच्या.

साठी बुद्धी नाठी म्हणतात ते खोटं नाही, असं तामोला वाटलं. पण राग आला तरी नवऱ्याच्या ताटात हात आखडता घेणारी बाई नव्हे ती. बकरी ईदचं मांस वाळवून, चरबीत शिजवून बरणीत मुरवायचं आणि रोज सकाळी ते अंड्यांबरोबर परतून त्याला वाढायचं, हे अडतीस वर्षं चाललेलं. वर पुदिन्याचा उकळता चहा. गरम चहाने पोटातली चरबी वितळून जाते, असं तिची आई सांगायची, आणि सगळं गावही तेच सांगायचं. जरा जास्त चरबी पडली की तामो एक पेला जास्त पाजायची. माया हो, दुसरं काय!

तिसऱ्या दिवशी तिने त्याचा पाठलाग केला. हनियाच्या दाराशी तो थांबला खरा, पण एक हात भिंतीला, दुसऱ्या हाताची मूठ छातीवर, आणि तोंड राखेसारखं. हनिया बाहेर आली, स्टूल ठेवलं, पाणी दिलं आणि हळूच काहीतरी सांगून आत गेली. चार-पाच मिनिटांनी तो उठला आणि घाम पुसून हसऱ्या चेहऱ्याने घराकडे निघाला. तामोचा राग कुठल्या कुठे गेला. 

दुसऱ्या दिवशी, गॅस आहे गॅस आहे म्हणणाऱ्या नवऱ्याला तिने ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होती. तामोने तिच्यापुढे चहाची कबुली दिली, तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, चरबी भांड्याच्या बुडाला चिकटते तशी वरून चिकटत नाही हो आजी, की चहाने वितळून जाईल. सिगारेटने, रक्तदाबाने रक्तवाहिनीचं आतलं अस्तर दुखावतं, आणि चरबी त्या अस्तराखाली शिरते. ती गिळायला शरीरातल्याच पेशी धावतात, गिळून गिळून फुगतात आणि तिथेच मरतात. त्यावर कवच धरतं, वाट अरुंद होते. हे तरुणपणीच सुरू होतं, पण कळ येते म्हातारपणी. चढणीवर हृदयाला रक्त जास्त लागतं, म्हणून कळ तिथेच येते. आणि ते कवच एखाद्या दिवशी फुटलं, की रक्त गोठून वाटच बंद. तुम्ही वेळेवर आणलंत.

मनगटातून तार घालून अरुंद झालेल्या वाहिनीत जाळी बसवायचं ठरलं. बाहेर बाकावर तामोने त्याचा हात घट्ट धरला.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू बरणीपाशी बसून रडली असतीस. मीच मारलं म्हणाली असतीस."

"आणि त्या हनियाला सांगितलंत?"

"तिला कुठे सांगितलं? तिचा नवरा असाच भिंत धरून उभा राहायचा. तिने बघूनच ओळखलं. रोज म्हणायची, घरी सांगा."

 तामो खूप रडली.

महिन्याभराने बुशता तीच चढण न थांबता चढला. सोबत तामो होती, हातात भट्टीवरची ताजी भाकरी. हनियाच्या दारापाशी तीच थांबली आणि कडी वाजवली. दार उघडताच हनियाने सवयीने स्टूल पुढे केलं आणि घाबरून विचारलं, "पुन्हा दुखतंय का त्यांना?"

"नाही गं," तामो म्हणाली, "आज मी बसणार आहे."

भट्टीवरून परतणाऱ्या बायका बघत होत्या, तरी ती हनियाचा हात धरून बराच वेळ बसून राहिली.